‘मूळचं’ म्हणजे केव्हाचं? – भरावावरच्या एका झुडपाचा वाद

(व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्य तितका तसाच ठेवला आहे. शेवटी एक प्रश्न व त्याचे उत्तर जोडले आहे.)



मागच्या वेळी आपण ‘वाद’ या शब्दाबद्दल बोललो होतो. न्यायसूत्रांत गौतमाने चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत. सत्य कळावं म्हणून दोघांनी बसून केलेली चर्चा म्हणजे वाद. जिंकण्यासाठी केलेली ती जल्प. आणि स्वतःचं काहीही न मांडता समोरच्याचं फक्त खोडून काढायचं, ती वितंडा. तेव्हा एका श्रोत्यांनी मला कळवलं की हे सगळं ठीक आहे, पण एखादं आजचं उदाहरण घ्या. घटपटाची उदाहरणं पुरे झाली. त्यांचं बरोबर आहे. म्हणून आज उदाहरण घेतोय ते एका बागेतल्या झुडपांचं. बाग आहे शिकागोत.

शिकागोच का, तर माझी मुलगी तिथे राहते. निवृत्तीनंतर तीन उन्हाळे मी तिच्याकडे काढले. तिकडे गेलेल्या आपल्या वयाच्या माणसांचा दिनक्रम तुम्हाला ठाऊक आहे. सकाळी सगळे कामावर गेले की आपण फिरायला बाहेर. मी बसने मिशिगन सरोवराच्या काठावर जायचो. सरोवर म्हणायचं, पण पलीकडचा काठ दिसत नाही, लाटा येतात, त्यामुळे मनात समुद्रच असतो. शहराच्या उत्तरेला हा काठ म्हणजे लिंकन पार्क नावाची लांबलचक सार्वजनिक बाग आहे, आणि तिचा एक कोपरा पाण्यात बोटासारखा पुढे गेलाय. त्याला माँट्रोझ पॉइंट म्हणतात. आजचा विषय तो कोपरा.

आधी या जागेचा इतिहास सांगतो, कारण सगळा वाद त्या इतिहासात आहे.

शंभर वर्षांपूर्वी ही जागाच नव्हती. तिथे पाणी होतं. १९३०च्या सुमारास भराव घालून ही जमीन तयार केली. तिच्यावर झाडं कशी लावायची याचा आराखडा त्या दशकाच्या अखेरीस आल्फ्रेड कॉल्डवेल यांनी केला. कॉल्डवेल हे येन्स येन्सेन यांच्या हाताखाली तयार झालेले. आणि येन्सेन म्हणजे त्या भागातल्या देशी झाडाझुडपांचे पहिले मोठे पुरस्कर्ते. १८८८ साली युनियन पार्कमध्ये त्यांनी ‘अमेरिकन गार्डन’ केलं. बाहेरून आणलेली शोभेची रोपं तिथे तग धरत नाहीत हे पाहिल्यावर ते आसपासच्या रानात गेले आणि तिथली रानफुलं खणून घेऊन आले. पुढे त्यांनी बागांमधल्या तळ्यांना गवताळ प्रदेशातल्या नदीचं रूप दिलं. काठावर दगडी कठडा घालायचा नाही, त्या मातीतले लव्हाळे आणि रानफुलं लावायची. म्हणजे ‘पाण्याच्या काठी देशी लागवड’ ही आजची नवी टूम नाही. तिला शंभराहून जास्त वर्षं झाली.

मग लष्कर आलं. शीतयुद्धाच्या काळात, १९५०च्या दशकाच्या मध्याला, याच कोपऱ्यावर नाइकी क्षेपणास्त्रांचं ठाणं बसवलं. बराकी उभ्या राहिल्या. बागेत येणाऱ्यांना त्या दिसू नयेत म्हणून आडोशाला हनीसकल नावाच्या झुडपांची एक रांग लावली. हे झुडूप मूळ आशिया खंडातलं. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला ठाणं गेलं, बराकी पाडल्या, झुडपांची रांग राहिली. कुणी तिच्याकडे लक्ष दिलं नाही. आणि लक्ष न दिल्यामुळेच ती दाट झाली.

पक्ष्यांनी मात्र लक्ष दिलं. वसंतात आणि शरदात लाखो पक्षी या सरोवराच्या काठाने स्थलांतर करतात. रात्रभर उडून दमलेल्या पक्ष्याला पहाटे पाण्यावरून काय दिसतं? शहराचे दिवे, काँक्रीट, आणि पाण्यात पुढे आलेला एक हिरवा ठिपका. तो तिथे उतरतो. गेल्या काही दशकांत या छोट्याशा जागेवर ३००हून जास्त जातींच्या पक्ष्यांची नोंद झाली आहे. पक्षीनिरीक्षकांनी त्या रांगेचं नाव ठेवलं ‘मॅजिक हेज’, जादूचं कुंपण.

आता बघा काय पेच झाला. १९९०च्या दशकात या कोपऱ्याची नव्याने आखणी करायचं ठरलं, तेव्हा प्रत्येकाच्या मनात वेगळी बाग होती. पॉल गॉब्स्टर नावाचे तिथल्या वनखात्यातले समाजशास्त्रीय संशोधक या चर्चांमध्ये होते. २००१ साली त्यांनी त्यावर लिहिलेला लेख या क्षेत्रात पुष्कळ वाचला जातो. त्यांना लोकांच्या मनात निसर्गाची चार चित्रं दिसली. एकांना तो कॉल्डवेलने रचलेला निसर्ग वाटत होता: मोकळी हिरवळ, कडेला झाडांचे पुंजके, मधून दिसणारं पाणी. दुसऱ्यांना तो अधिवास वाटत होता: झुडूप परदेशी का असेना, पक्षी तिथे उतरतो ना, मग हात लावू नका. तिसऱ्यांना ती विरंगुळ्याची जागा होती: फिरणं, मासे धरणं, घोंगडी टाकून पसरणं. आणि चौथ्यांना तो युरोपीय माणसं येण्यापूर्वीचा निसर्ग हवा होता: परदेशी ते उपटा, मूळचं ते लावा.

शिवाय काळ तापलेला होता. त्याच भागात, कुक काउंटीच्या राखीव वनांत, परदेशी झुडपं आणि जास्तीची झाडं काढून जुना गवताळ प्रदेश परत आणायचं काम चाललं होतं. लोक चिडले. ‘निसर्ग वाचवायच्या नावाखाली झाडं तोडता?’ असा प्रश्न आला. १९९६ साली ते काम थांबवावं लागलं.

यातला कुणीही मूर्ख नव्हता हे आधी मान्य करू. आपल्याकडे अशा वादांचं वर्णन ‘जाणकार विरुद्ध अडाणी’ असं करायची सवय आहे. पर्यावरणवाले म्हणतात लोकांना कळत नाही, लोक म्हणतात यांना माणसं दिसत नाहीत. शिकागोत पाणी दिसलं पाहिजे म्हणणारा माणूस निव्वळ हट्टी नव्हता. त्या शहरात १८३६ सालच्या एका नकाशावर सरोवराकाठच्या जमिनीच्या एका तुकड्याबद्दल लिहून ठेवलंय की ती सर्वांसाठी कायम मोकळी राहील. पुढे माँटगोमेरी वॉर्ड नावाच्या व्यापाऱ्याने त्या शब्दासाठी १८९०पासून वीस वर्षं कोर्टकचेऱ्या केल्या. पाण्याचा मोकळा देखावा हा तिथे सार्वजनिक हक्क आहे. त्यासमोर माणसाच्या उंचीची झुडपं आली की त्या माणसाला वाटतं, आपलं काहीतरी काढून घेतलं. तसंच एकटी पळायला येणारी बाई म्हणते, पायवाटेच्या दोन्ही बाजूंना एवढी दाटी असली तर आत कोण आहे हे मला दिसत नाही. हा काही सौंदर्यशास्त्राचा प्रश्न नाही.

आता माझी टीका. ती मुख्यतः एका शब्दावर आहे: ‘मूळचं’. इंग्रजीत नेटिव्ह. आपण देशी म्हणतो, स्थानिक म्हणतो.

न्यायदर्शनात ‘छल’ नावाचा एक दोष सांगितलाय. वात्स्यायनाने त्याचं उदाहरण दिलंय ते मजेशीर आहे. कुणी म्हणतं, हा मुलगा ‘नवकंबल’ आहे. म्हणजे त्याच्याकडे नवं कांबळं आहे. ऐकणारा म्हणतो, छे, याच्याकडे नऊ कांबळी कुठायत, एकच तर आहे! ‘नव’ म्हणजे नवं आणि नव म्हणजे नऊ. एका अर्थाने बोललेलं दुसऱ्या अर्थाने घ्यायचं आणि खोडायचं. माझं म्हणणं असं की ‘मूळचं’ या शब्दात अशीच तीन कांबळी आहेत. आणि या वादात आपण एक दाखवतो, दुसरं विकतो.

पहिला अर्थ काळाचा. मूळचं म्हणजे अमुक काळी इथे होतं ते. ठीक. पण कुठल्या काळी? हिमनद्या वितळल्या तेव्हा? १८३३च्या आधी, जेव्हा पोटावाटमी लोक इथे होते? तेही गवताळ प्रदेश मुद्दाम जाळत होते, म्हणजे तोही माणसाचा हात लागलेला निसर्ग. की १९३८, कॉल्डवेलच्या आराखड्याचं? तारीख जमिनीत सापडत नाही. ती आपण निवडतो. आणि माँट्रोझ पॉइंटवर तर हा प्रश्न विचारताच हसू येतं. या जागेवर मूळचं काय होतं? पाणी! ‘मूळ स्थिती परत आणा’ हे वाक्य इथे अक्षरशः घेतलं तर खोदकामाची यंत्रं आणावी लागतील आणि भराव काढून टाकावा लागेल. कुणीच ते मागत नव्हतं. म्हणजेच ‘मूळचं’ म्हणणाऱ्यांना काळाचा अर्थ अभिप्रेत नव्हता. तरी त्या अर्थाचं वजन ते वापरत होते.

दुसरा अर्थ कार्याचा. इथल्या किड्यांशी, पक्ष्यांशी, मातीशी ज्याचं हजारो वर्षांचं येणं-जाणं आहे ते मूळचं. हा अर्थ मला भक्कम वाटतो. पानं खाणाऱ्या पुष्कळ अळ्या ठरावीक झाडांवरच जगतात. परदेशी झाड त्यांच्या दृष्टीने प्लास्टिकचं. अळ्या नाहीत तर पिल्लांना भरवायला काही नाही, कारण बहुतेक छोटे पक्षी पिल्लांना अळ्याच भरवतात. पाण्याच्या काठी तर फरक नुसत्या डोळ्यांनी दिसतो. लॉनचं गवत पाण्यापर्यंत कापत नेलं की मुळं उथळ राहतात, काठ ढासळतो, खतं थेट पाण्यात जातात, आणि कॅनडा बदकं हक्काने मुक्कामाला येतात. त्यांना कापलेलं गवत आवडतं आणि पाण्याकडे जायचा मोकळा रस्ताही. तिथे उंच लव्हाळे आणि स्थानिक गवतं लावली की माती धरली जाते आणि बदकं दुसरीकडे जातात.

पण हा अर्थ घेतला की एक पथ्य पाळावं लागतं. मग प्रत्येक झाडाला ‘तू कुठून आलास’ हे विचारायचं नाही, ‘तू इथे काय करतोस’ हे विचारायचं. आणि हा प्रश्न हनीसकललाही विचारायचा. त्याचं उत्तर संमिश्र येतं. आडोसा उत्तम. पण त्या झुडपांची फळं लांबच्या प्रवासाला निघालेल्या पक्ष्याला फारशी पुरत नाहीत, कारण काही देशी झुडपांच्या फळांपेक्षा त्यांत चरबी कमी असते. शिवाय ते रानात पसरतं आणि खाली दुसरं काही उगवू देत नाही. म्हणजे आज तोडलं तर येत्या वसंतात पक्षी उघडा पडेल आणि कायम ठेवलं तर पुढच्या पन्नास वसंतांत उपाशी राहील. हे गुंतागुंतीचं उत्तर आहे, पण खरं आहे. ‘परदेशी आहे, उपटा’ हे सोपं आहे, आणि ‘पक्षी येतात, हात लावू नका’ हेही तितकंच सोपं आहे.

तिसरा अर्थ हक्काचा. मूळचं म्हणजे ज्याचा इथे अधिकार आहे ते. बाकीचे घुसखोर. इथे मात्र मी सावध होतो. झाडांना आपण ‘आक्रमक’, ‘उपरी’ म्हणतो तेव्हा शब्द वनस्पतिशास्त्राचे राहत नाहीत. १९४२ साली जर्मनीत वनस्पतिशास्त्रज्ञांच्या एका गटाने बाहेरून आलेल्या एका लहानशा रानफुलाचा नायनाट करायची हाक दिली आणि त्या कामाची तुलना बोल्शेव्हिझमविरुद्धच्या लढ्याशी केली. रानफुलाला बोल्शेव्हिक ठरवणारं शास्त्र कुठे पोहोचतं ते आपण पाहिलंय.

पण थांबा. इथून काही मंडळी पटकन उडी मारतात: देशी झाडांचा आग्रह म्हणजेच परद्वेष. हाही छलच आहे, फक्त उलट बाजूचा. त्यांनी तिसरं कांबळं उचललं आणि दुसरं झाकून टाकलं. येन्स येन्सेन स्वतः डेन्मार्कहून आलेले होते, बागेत मजूर म्हणून कामाला लागलेले. देशी रानफुलांवर त्यांचं जे प्रेम बसलं ते बाहेरून आलेल्या माणसाचं प्रेम होतं. आपल्या भाषेचंच बघा. आपण विलायती चिंच म्हणतो, आणि तिचे गोड-तुरट गर खात लहानाचे मोठे झालो. गुलमोहर मादागास्करचा, मिरची अमेरिकेतली. त्यांना आता परकं म्हणणं हास्यास्पद होईल. पण जलपर्णी आणि घाणेरीही बाहेरूनच आल्या, आणि जलपर्णीने भरलेली नदी ज्याने पाहिली आहे तो ‘सगळी झाडं सारखीच’ असं म्हणणार नाही. फरक कुठून आली यात नाही. आल्यावर काय केलं यात आहे.

हक्काच्या अर्थाबद्दल आणखी एक गोष्ट सांगायची आहे. ती कळली त्या दिवशी मी फिरणं अर्धवट टाकून एका बाकावर बसलो होतो. पोटावाटमी लोकांनी १८३३च्या करारात उरलीसुरली जमीन दिली. पण दिली ती जमीन. सरोवराचं पाणी कुणी कधी दिलंच नव्हतं. पुढे शिकागोने पाण्यात भराव घालून काठ पुढे ढकलला. तेव्हा पोकॅगन पोटावाटमी लोकांनी १९१४ साली दावा लावला: जी जमीन कराराच्या वेळी नव्हतीच, ती आम्ही तुम्हाला दिली कशी असेल? तर्क बिनतोड आहे की नाही? खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९१७ साली ते हरले. न्यायालयाचं म्हणणं असं की तुमचा हक्क फक्त वहिवाटीचा होता आणि ती वहिवाट तुम्ही केव्हाच सोडली.

आता विचार करा. तसल्याच भरावावर पुढे आपण सभा घेतो आणि ‘युरोपीय येण्यापूर्वीचा निसर्ग परत आणा’ म्हणतो. त्या काळचं गवत परत येतं, त्या काळची फुलं परत येतात. माणसं येत नाहीत. गवताला जो मूळपणा आपण आदराने देतो तो माणसांना देताना कोर्टाने नाकारला. म्हणून लागवड करू नये असं मी म्हणत नाही. पण ज्याला ‘मूळचं’ हा शब्द हक्काच्या अर्थाने वापरायचा आहे त्याने ही गोष्ट माहीत असताना वापरावा. नाहीतर तो शब्द स्वस्तात मिळालेला आहे.

तत्त्वज्ञानात या विषयावर दोन कडक लेख आहेत. रॉबर्ट एलियट यांनी १९८२ साली असं मांडलं की पुन्हा घडवलेला निसर्ग हा नकली चित्रासारखा असतो. एरिक कॅट्झ यांनी १९९२ साली तर त्याला ‘मोठं खोटं’ म्हटलं. दोघांचा मुद्दा असा की माणसाने रचलेलं ते निसर्ग असू शकत नाही. मी हे वर्षानुवर्षं शिकवलं. माँट्रोझला उभं राहिल्यावर वाटलं, या दोघांनी इथे यायला हवं. इथे खरं काय आणि नकली काय? भराव नकली, बाग रचलेली, झुडूप लष्कराने लावलेलं. पण त्यावर उतरलेला पक्षी अस्सल आहे आणि त्याची भूकही अस्सल आहे.

आणि त्याच्या शेजारी आणखी एक गंमत घडली. माँट्रोझच्या किनाऱ्यावर २०००च्या सुमारास सरोवराची पातळी उतरली. एका टोकाला वाळू यंत्राने विंचरणं थांबलं. आणि तिथे आपोआप विलो उगवले, कॉटनवुड उगवले, वाळू धरून ठेवणारी गवतं आली, छोट्या टेकड्या बनल्या. कुणी लावलं नव्हतं. २०१९ साली तिथे पायपिंग प्लोव्हरच्या एका जोडीने अंडी घातली. हा आपल्याकडच्या चिखल्याचाच भाऊबंद, ग्रेट लेक्सच्या परिसरात अगदी थोड्या जोड्या उरलेला. लोकांनी त्या जोडीची नावं ठेवली माँटी आणि रोझ. त्या ऑगस्टमध्ये किनाऱ्यावर मोठा संगीत महोत्सव व्हायचा होता, तो रद्द झाला. २०२१ साली त्या राखीव वाळूत आणखी सुमारे तीन एकरांची भर पडली. म्हणजे माणसाने बनवलेल्या जमिनीवर देशी वनस्पती स्वतःहून आल्या. पण ‘स्वतःहून’ म्हणताना विसरू नका की वाळू विंचरायची नाही हे कुणीतरी ठरवत होतं, आणि रोज सकाळी येऊन कचरा उचलणारी, कुत्रे लांब ठेवायला सांगणारी माणसं होती. काही न करणं हाही निर्णयच असतो. त्याचीही जबाबदारी घ्यावी लागते.

आता हे सगळं मी कुठल्या उंचीवरून बोलतोय असं वाटू नये म्हणून माझी एक गोष्ट सांगतो.

मी शिकवत होतो त्या महाविद्यालयाच्या आवारात एक तळं होतं. एक वर्ष वृक्षसमितीचं अध्यक्षपद माझ्याकडे आलं. तळ्याकाठी जुने रेन ट्री होते. मी नुकतंच देशी झाडांबद्दल वाचलं होतं आणि नव्याने वाचलेल्या माणसाचा उत्साह तुम्हाला माहीत आहे. रेन ट्री दक्षिण अमेरिकेतले, हे मला कळलं आणि तेवढं पुरलं. मी ठराव मांडला, एक भाषणही ठोकलं, आणि उन्हाळ्यात चार झाडं तोडून घेतली. करंज, उंबर, जांभूळ लावले. माळीकाका काही बोलले नाहीत. म्हणजे मी विचारलंच नाही. मृग लागल्यावर एका संध्याकाळी ते मला तळ्यावर घेऊन गेले. बगळे आले होते. दर पावसाळ्यात ते त्या चार झाडांवर घरटी करत. ते तळ्यावर घिरट्या घालत होते, खाली येत होते, पुन्हा वर जात होते. काका म्हणाले, “सर, झाडं फॉरिनची होती, पण बगळे आपलेच होते ना?” एवढंच.

माझी करंजाची झाडं आज मोठी झाली आहेत. चांगली आहेत. पण बगळे परत आले नाहीत. माझा निष्कर्ष कदाचित बरोबरही होता. माझी पद्धत चुकली. मला एक शब्द मिळाला होता आणि त्या शब्दाने मला विचारण्याच्या कामातून सोडवलं होतं. कुठल्याही वादात एखादा शब्द आपल्याला विचारण्याच्या कष्टांतून सोडवायला लागला की समजावं, आपण वादातून जल्पात शिरलो.

मग वाद कसा करावा? तीन गोष्टी.

पहिली, जो ‘मूळचं’ म्हणेल त्याने आपला अर्थ सांगावा. काळाचा असेल तर तारीख सांगावी आणि तीच तारीख का, तेही. कार्याचा असेल तर कुणासाठी आणि कशासाठी ते सांगावं. हक्काचा असेल तर सगळ्यांचा हिशेब मांडावा.

दुसरी, कुणाला काय सोसावं लागणार हे आधी बोलावं. इथे माझी गॉब्स्टर यांच्याशीही थोडी तक्रार आहे. त्यांनी चार चित्रं नेमकी ओळखली. पण चार चित्रं म्हटलं की चारही गोष्टी आवडीनिवडीसारख्या एका रांगेत बसतात. पाणी दिसावं ही माणसाची इच्छा आहे. कॉल्डवेलचा आराखडा पाळणं हे गेलेल्या माणसाला दिलेल्या शब्दासारखं आहे. आणि पक्ष्याला आडोसा मिळणं हा जगण्यामरण्याचा प्रश्न आहे. पक्षी सभेला येत नाही. ज्याला बोलता येत नाही त्याचं नुकसान कुणीतरी मांडलं पाहिजे, आणि ते इतरांच्या इच्छेबरोबर एकाच तराजूत टाकून चालत नाही.

तिसरी, घाई करू नये. माँट्रोझला शेवटी काय झालं? जादूचं कुंपण सरसकट तोडलं नाही. ते ठेवून त्याच्या आसपास देशी झुडपं आणि झाडं वाढवली, पायवाटा आखल्या, मोकळी जागाही ठेवली. ही तडजोड वाटेल. मला ती शहाणपणाची वाटते, कारण तिच्यात काळाला जागा आहे. नवीन झुडूप फळायला लागेपर्यंत जुन्याने आडोसा द्यावा. जोन नॅसाउअर यांनी १९९५ साली एक साधी गोष्ट दाखवून दिली होती. रानटी दिसणाऱ्या लागवडीच्या कडेला जर नीट कापलेली गवताची पट्टी असेल, छोटं कुंपण असेल, तर लोकांना ती दुर्लक्षित वाटत नाही. कुणीतरी निगा राखतंय हे दिसलं की माणूस गबाळेपणा सहन करतो. लोकांचा राग पुष्कळदा झुडपांवर नसतो. आपल्या बागेला कुणी वाली उरला नाही, या शंकेवर असतो.

माझं म्हणणं संपलं. प्रश्न असतील तर घेऊ.

प्रश्न: सर, तुमचं ऐकून गोंधळ झाला. आमच्या सोसायटीच्या मागे ओढा आहे. तिथे देशी झाडं लावायची की नाही?

लावा. जरूर लावा. माझं भाषण त्याच्या विरुद्ध नव्हतं. ओढ्याच्या काठाला तर करंज, उंबर, वाळुंज यांच्यासारखा आधार नाही. फक्त खड्डा खणायच्या आधी दोन आठवडे तिथे जाऊन बसा. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा. आत्ता जे उभं आहे त्यावर कोण येतं, कोण खातं, कोण झोपतं, ते वहीत लिहा. तिथे रोज काम करणाऱ्या माणसाला विचारा. त्याचं आधी ऐका, मग तुमचं सांगा. आणि त्यानंतर एखादं झाड काढायचं ठरलंच, तर पावसाळ्याच्या तोंडाशी काढू नका.